मोटारघरांतील वीज आणि तिचे बिघाड

वर्गांत विजेचा धडा चालतो तेव्हां फळ्यावर एक घट, एक दिवा व एक बटण एवढ्याच वस्तु काढलेल्या असतात. ह्या तीन वस्तूंचा संसारांतील प्रत्यक्ष विजेशीं काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत राहून जातो. त्याच्या उत्तरादाखल आम्हीं प्रस्तुत लेखांत असें उदाहरण घेतलें आहे कीं, ज्यांत पुस्तकांतील विजेचें जवळजवळ सगळें प्रकरण एकाच छपराखालीं सांपडतें. आणि तें छप्परही चालतें-फिरतें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्यास मोटरहोम म्हणतात, त्या मोटारघराविषयीं आम्ही बोलत आहों.

मोटारगाडीच्या सांगाड्यावर बांधलेलें हें लहानसें घर असतें. निजण्याची जागा, चूल, शीतपेटी, मोरी व शौचकूप हीं सर्व त्यांत असतात. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी ह्या लहानशा गांवीं विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं अशीं घरें कारखान्यांत तयार करण्यास आरंभ केला, आणि पुढें हा प्रकार तिकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या आटोक्यांत आला. वीस-तीस वर्षें वापरलेलीं मोटारघरें तेथें बऱ्याच कमी किमतीस मिळतात, व नोकरींतून निवृत्त झालेलीं जोडपीं तीं हौसेनें घेतात. अशा गाडीचें इंजिन पुष्कळदां धडधाकट असतें. म्हातारपण प्रथम दिसतें तें विजेच्या तारांत. ह्याचें कारण उघड आहे. आपलें घर एका जागीं उभें असतें. हें घर हजारों मैल खडखडत गेलेलें असतें, पावसांत भिजलेलें व थंडींत आकसलेलें असतें. त्यामुळें प्रत्येक नट थोडा थोडा सैल होत असतो व प्रत्येक जोडावर गंज चढत असतो.

अशा गाडींत दोन निरनिराळ्या विजा एकत्र नांदत असतात, आणि निम्मा घोटाळा ह्या दोहोंची गल्लत केल्यानें होतो. पहिली वीज १२ व्होल्टांची. ती बॅटरींतून येते, एकाच दिशेनें वाहते, आणि दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हीं सर्व तिच्यावर चालतात. दुसरी १२० व्होल्टांची. ती तळाच्या जागेवरील खांबावरून जाड केबलनें किंवा गाडींतल्याच जनित्रांतून येते. तिचीं सेकंदास ६० आवर्तनें होतात, आणि हवा थंड करण्याचें यंत्र, मायक्रोवेव्ह भट्टी व भिंतींतले प्लग तिच्यावर अवलंबून असतात. (आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टांची व ५० आवर्तनांची असते, हें येथें ध्यानांत असूं द्यावें.) ह्या दोहोंच्या मध्यें कन्व्हर्टर नांवाची एक पेटी बसविलेली असते. ती १२० व्होल्टांची वीज घेऊन तिची सुमारें साडेतेरा व्होल्टांची एकदिशा वीज बनविते. त्या विजेनें दिवे चालतात व बॅटरीही भरते.

बॅटऱ्यासुद्धां दोन प्रकारच्या असतात. एक इंजिन सुरू करण्याकरितां, दुसरी घराकरितां. इंजिन झटक्यांत सुरू झालें म्हणून घराची बॅटरी ठीक आहे असें समजणें हें एका भावाची नाडी पाहून दुसऱ्याच्या प्रकृतीविषयीं मत देण्यासारखें आहे.

आतां गॅसवर चालणाऱ्या वस्तूंना विजेशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. मोटारघरांतील शीतपेटी बहुधा गॅसच्या ज्योतीवर चालते. उष्णतेच्या योगानें थंडी निर्माण करण्याची ही चमत्कारिक युक्ति स्टॉकहोम येथील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं शोधून काढली. तींत पंप नाहीं कीं मोटार नाहीं. परंतु पुढच्या काळांतील शीतपेट्यांत ज्योत पेटविण्याचें व गॅसची झडप उघडण्याचें काम एका लहानशा विद्युत्फलकाकडे सोंपविलेलें असतें, आणि त्यास १२ व्होल्ट न मिळाले तर टांकी गॅसनें भरलेली असूनही दूध नासतें. सबब अशा घरांत गॅसची वस्तु बंद पडली तरी आधीं विजेकडे पाहावें.

ह्याचें एक ठळक उदाहरण आम्ही विस्तारानें घेतों. ॲरिझोना संस्थानाच्या वाळवंटांत क्वार्टझसाइट नांवाचें गांव आहे. उत्तरेकडील बर्फास कंटाळलेले हजारों लोक दर हिवाळ्यांत आपापलीं मोटारघरें घेऊन त्याच्या आसपासच्या सरकारी मोकळ्या जमिनीवर येऊन राहतात. माळावर विजेचा खांब नसतो. सगळी भिस्त स्वतःच्या बॅटरीवर. दिवसां ऊन सुखावह असतें, पण रात्रीं वाळू भराभर निवते आणि पहांटे थंडी हाडांस लागते. समजा, तेथें एका वृद्ध जोडप्याच्या जुन्या मोटारघरांतील गॅसचा हीटर ऐन रात्रीं बिघडला. पंखा फिरतो आहे, पण त्याचा आवाज मंद आहे. आणि ज्योत कांहीं पेटत नाहीं. सकाळीं शेजारीपाजारी जमतात व जो तो आपलें निदान सांगतो. एक म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो हीटरचा फलक जळला, तिसरा म्हणतो नवा हीटरच घ्या. ह्यांतील प्रत्येक सल्ला शेंकडों डॉलरांचा आहे, आणि निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसास एवढी रक्कम थोडी नव्हे.

ह्या हीटरची रचना समजून घेतल्यास निदान सोपें होतें. पंख्याच्या वाटेंत पत्र्याचें एक हलकें पातें टांगलेलें असतें. पंखा पूर्ण वेगानें फिरूं लागला म्हणजे वाऱ्यानें तें पातें लोटलें जातें व त्यास जोडलेलें बटण दाबलें जातें. मगच गॅसची झडप उघडते. वारा अपुरा असतांना ज्योत पेटूं नये, नाहींतर हीटर अतिशय तापेल, अशी ही योजना आहे. म्हणजे पंखा मंद फिरत असेल तर हीटरनें पेटण्याचें नाकारणें हा त्याचा दोष नसून गुण आहे. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, पंखा मंद कां ?

येथें बहुतेक लोक एक चूक करतात. ते हीटरला येणाऱ्या दोन तारा सोडवितात, त्यांस मल्टिमीटर लावतात, आणि मीटर १२.४ व्होल्ट दाखवितो. मग "वीज तर पूर्ण आहे, हीटरच बिघडला" असा निकाल देऊन मोकळे होतात. वास्तविक मीटर खोटें बोललेला नाहीं. त्यास विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. मल्टिमीटरच्या आंतील रोध सुमारें एक कोटि ओहम असतो. त्यामुळें त्यांतून जाणारा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांश भागाएवढा क्षुद्र असतो. वाटेंत एखादा गंजलेला जोड असला, तरी इतक्या क्षीण प्रवाहास त्याची अडचण वाटत नाहीं. अरुंद बोळांतून एकटा माणूस सहज निघून जातो. वरात जाऊं लागली म्हणजे खोळंबा होतो. म्हणून वीज मोजावयाची ती काम चालू असतांना, तारा जोडलेल्या असतांना मोजली पाहिजे.

आतां पंखा चालू ठेवून मोजूं. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.२ व्होल्ट आहेत. म्हणजे बॅटरी निर्दोष. हीटरच्या दोन टोकांवर मात्र ९.८ व्होल्टच आहेत. २.४ व्होल्ट वाटेंत कोठें तरी हरवले. हरवलेले व्होल्टही मीटरनेंच सांपडतात. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी हीटरच्या धन टोकास लावली, तर ०.३ व्होल्ट दिसतात. एवढी घट लांब तारेंत चालावयाचीच. मग एक तार हीटरच्या ऋण टोकास व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकास लावली, तर २.१ व्होल्ट दिसतात. दोहोंची बेरीज बरोबर २.४. चोर परतीच्या वाटेवर आहे !

परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच होय. मोटारगाडींत प्रत्येक दिव्यास दोन तारा नेत नाहींत. एक तार नेतात, व परतीचा प्रवाह सांगाड्यांतून बॅटरीकडे येतो. बॅटरीची जाड काळी तार जेथें सांगाड्यास बोल्टानें आवळलेली असते, तेथें चिखल व पाणी उडून वॉशरखालीं गंजाचा थर सांचतो. प्रवाह सात अँपिअर धरला, तर त्या गंजाचा रोध २.१ भागिले ७, म्हणजे ०.३ ओहम झाला. एवढासा रोध ! परंतु २.१ गुणिले ७ म्हणजे सुमारें १५ वॅट इतकी उष्णता तेथें व्यर्थ जाते, आणि बोल्टास हात लावल्यास तो कोमट लागतो. उपाय म्हणजे बोल्ट काढून, पत्रा तारेच्या ब्रशानें चकचकीत होईपर्यंत घासून, नवा वॉशर घालून पुन्हां घट्ट आवळणें. खर्च कांहींच नाहीं म्हटलें तरी चालेल. नवी बॅटरी व नवा हीटर दोन्ही आणून बसविले असते, तरी तो गंज तेथेंच राहिला असता, आणि पंखाही पूर्वीसारखाच मंद फिरला असता.

जो नियम आम्हीं वर वापरला, तो गेओर्ग झिमोन ओहम ह्या जर्मन शिक्षकाचा. कोलोन शहरीं शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असतांना त्यानें तारांवर प्रयोग केले व १८२७ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशांत त्याचें प्रथम थंडेंच स्वागत झालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्यास कॉप्ली पदक दिलें, तेव्हां त्याची योग्यता लोकांस पटूं लागली. परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम पुढें कोठें उपयोगीं पडणार, असें विचारणाऱ्या मुलांस आम्ही त्या वाळवंटांतील बोल्टाकडे बोट दाखवूं.

तार लांब असून तींत पुष्कळ जोड असतील, तर टोंकापासून एकेक जोड तपासीत बसूं नये. मधोमध एका ठिकाणीं मोजावें. तेथें वीज पूर्ण असल्यास दोष पुढच्या अर्ध्या भागांत. नसल्यास मागच्या अर्ध्या भागांत. मग त्या अर्ध्याचें पुन्हां अर्धें करावें. ह्या रीतीनें सोळा जोडांतील दोषी जोड चार मोजण्यांत हाती येतो. मीटर जवळ नसेल तर मोटारीचा एक जुना तारेचा बल्ब दोन तारांस जोडून घ्यावा. हा चाचणीचा दिवा थोडाबहुत प्रवाह ओढतो, म्हणून ढिल्या जोडापलीकडे तो मिणमिणतो. आणि पुष्कळदां महागड्या मीटरपेक्षां तोच अधिक खरें सांगतो.

बॅटरीविषयीं थोडें स्वतंत्रपणें सांगितलें पाहिजे, कारण तिच्यावर आळ फार वेळां येतो, व कधीं कधीं तो खराही असतो. शिसें व गंधकाम्ल ह्यांची ही बॅटरी गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली, आणि आपल्याकडे वीज गेल्यावर पंखा चालविणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरखालीं जी मोठी बॅटरी ठेवलेली असते, ती बहुधा ह्याच जातीची. १२ व्होल्टांच्या बॅटरींत सहा घट असतात, व प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. बॅटरी पूर्ण भरून, नंतर कांहीं तास कशासही न जोडतां विसांवूं दिली, म्हणजे मीटरवर सुमारें १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.१ च्या सुमारास दिसले तर ती निम्मी रिकामी झाली, ११.९ च्या खालीं गेली तर ती रितीच समजावी. विसांवा न देतां, भरून होतांच मोजल्यास मात्र आंकडा फुगलेला दिसतो व माणूस फसतो. तसेंच बॅटरी १२.६ दाखवीत असून एक पंखा लावतांच आंकडा ११ च्या खालीं कोसळला, तर ती आंतून थकली आहे, हें निश्चित.

अशी बॅटरी वरचेवर निम्म्याच्या खालीं नेली, व तशीच दिवसेंदिवस रिती ठेवली, तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर बसतो व तिची धारणा कायमची घटते. थंड मुलखांत आणखी एक संकट असतें. भरलेल्या बॅटरींतील अम्ल तीव्र थंडींतही गोठत नाहीं. रित्या बॅटरींतील अम्ल पाण्याच्या जवळ आलेलें असतें, तें गोठून पेटी फुटते. ज्या बॅटरींत पाणी घालावें लागतें तींत ऊर्ध्वपातित पाणी, ज्यास बाजारांत बॅटरीचें पाणी म्हणतात, तेंच घालावें. नळाचें कदापि घालूं नये.

पालकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. बारा व्होल्टांचा झटका बसत नाहीं, म्हणून बॅटरी निरुपद्रवी आहे असें मुळींच नाहीं. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो व एका ठिणगीनें त्याचा स्फोट होतो. बोटांतील अंगठी व हातांतील घड्याळ काढून मगच तिच्यावर काम करावें, कारण दोन टोकांमध्यें अंगठी सांपडली तर ती क्षणांत लाल होते. तारा सोडवितांना प्रथम ऋण टोकाची व जोडतांना ती शेवटीं. ह्याचें कारण असें कीं, ऋण तार जोडलेली असतांना धन टोकावरील पाना चुकून सांगाड्यास टेकला, तर सर्व प्रवाह त्या पान्यांतूनच जातो.

बॅटरी चांगली असून ती भरतच नाहीं, असें झाल्यास कन्व्हर्टरकडे वळावें. कसोटी सोपी आहे. बाहेरची वीज जोडण्यापूर्वीं बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवीत असेल, तर जोडल्यावर थोड्याच वेळांत आंकडा तेराच्या वर चढला पाहिजे. न चढल्यास प्रथम ब्रेकर पाहावा, मग कन्व्हर्टरचे फ्यूज. ह्या पेटीवर दोन मोठे फ्यूज असे असतात कीं, ते बॅटरी उलटी जोडल्यावरच बहुधा उडतात. एखाद्यानें संध्याकाळच्या अंधारांत नवी बॅटरी बसविली व दुसऱ्या दिवसापासून ती भरेनाशी झाली, तर संशय ह्यांवरच घ्यावा. तत्पूर्वीं दाराजवळचें एक बटणही पाहून घ्यावें. पुष्कळ मोटारघरांत घराची बॅटरी तोडण्याचें बटण दाराशींच असतें, आणि येणारा पाहुणा दिव्याचें म्हणून तेंच दाबतो. जुन्या काळचे कन्व्हर्टर बॅटरी भरली आहे कीं नाहीं हें पाहात नाहींत. महिनोन्महिने एकाच दाबानें वीज कोंबीत राहून ते तिचें पाणी आटवून टाकतात. असला कन्व्हर्टर चालू स्थितींत असला तरी बदलणेंच आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

फ्यूज उडाला तर त्याच आंकड्याचा बसवावा. १५ च्या जागीं ३० चा बसविणारा माणूस फ्यूज वांचवितो व भिंतींतली तार जाळतो. आणि मोटारघराच्या भिंती लांकडाच्या पातळ फळ्यांच्या असतात.

आतां १२० व्होल्टांकडे येऊं. हा भाग वाचण्याकरितां आहे, करून पाहण्याकरितां नव्हे. आपल्या घरच्या २३० व्होल्टांविषयीं तर हें दुप्पट जोरानें सांगतों. येथें काम परवानाधारक वायरमनचें. परंतु समजून घेणें हें सर्वांचें काम आहे.

तळावरील खांबावर बहुधा दोन प्रकारचे सॉकेट असतात. लहान गाड्यांकरितां ३० अँपिअरचा. ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॅट. हवा थंड करण्याचें यंत्र, मायक्रोवेव्ह भट्टी व पाणी तापविण्याचें यंत्र ह्या प्रत्येकास सुमारें दीड हजार वॅट लागतात, असें धरा. दोन एका वेळीं चालतील. तिसरें लावतांच ब्रेकर पडेल. ह्यास बिघाड म्हणत नाहींत, तरी दुरुस्ती करणाऱ्यास बोलावणें पुष्कळदां ह्याच कारणानें जातें. मोठ्या गाड्यांचा ५० अँपिअरचा सॉकेट निराळा. त्यांत १२० व्होल्टांच्या दोन फेज असून त्या दोहोंमध्यें २४० व्होल्ट असतात. ह्या २४० नें एक अनर्थ ओढवतो. ३० अँपिअरचा सॉकेट घरगुती कपडे वाळविण्याच्या यंत्राच्या सॉकेटसारखा दिसतो. म्हणून अननुभवी वायरमन आवारांत मोटारघराकरितां नवा सॉकेट बसवितांना कधीं कधीं त्यांत २४० व्होल्ट सोडतो. केबल जोडतांच गाडींतील यंत्रें एकामागून एक जळून जातात. म्हणून नव्या ठिकाणीं गेल्यावर केबल जोडण्यापूर्वीं सॉकेट तपासावा, हा अनुभवी लोकांचा परिपाठ आहे.

उलट प्रकारही घडतो. उन्हाळ्यांत तळ गजबजलेला असतां सर्वांचीं शीतयंत्रें एकदम चालतात व १२० चे १०० च्या आसपास होतात. मोटारीला दाब कमी मिळाला म्हणजे ती अधिक प्रवाह ओढते व तापते. १०५ च्या खालीं आंकडा गेल्यास यंत्र बंद करून उकाडा सोसणें परवडतें. केबलच्या प्लगची पितळी पातीं तपकिरी पडलीं असतील, किंवा त्यांभोंवतालचें प्लॅस्टिक वितळल्यासारखें दिसत असेल, तर दोष तेथेंच आहे. वाळवंटांतल्या बोल्टाचाच हा धाकटा भाऊ. केबल व जनित्र ह्यांपैकीं एकाचीच वीज आंत सोडणारा आपोआप फिरणारा जो स्विच असतो, त्याचीं टोकेंही अशींच जळतात. जनित्रावर सर्व चालतें, खांबावर कांहीं चालत नाहीं, किंवा ह्याच्या उलट, असें दिसल्यास, खांबाची वीज व केबल ठीक असल्याची खात्री करून घेऊन, मग त्या स्विचकडे पाहावें.

सर्वांत भयंकर बिघाड मात्र असा आहे कीं, त्यानें कोणतेंही यंत्र बंद पडत नाहीं. दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि गाडीचा सगळा पत्रा विजेनें भारलेला असतो. हें कसें घडतें तें पाहा. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते, म्हणून जमिनीपासून अलग असते. तिचा पत्रा जमिनीशीं जोडणारी एकच वस्तु, ती म्हणजे केबलमधील अर्थिंगची तार. ती तार केबलमध्यें तुटली, किंवा तळावरचा सॉकेटच बिनअर्थिंगचा असला, आणि आंत एखाद्या यंत्रांतील फेजची तार झिजून पत्र्यास लागली, तर त्या विजेस परत जाण्यास वाट नसते. वाट नाहीं म्हणून मोठा प्रवाह नाहीं, व प्रवाह नाहीं म्हणून ब्रेकर पडत नाहीं. आंत बसलेल्यांस कांहींच कळत नाहीं. तारेवर बसलेल्या पांखराप्रमाणें ते सर्वस्वीं त्या दाबावरच असतात. परंतु पाऊस पडून गेल्यावर ओल्या गवतांत अनवाणी उभें राहून कोणी दाराची कडी धरली, कीं विजेस वाट मिळाली, आणि ती वाट म्हणजे तें माणूसच. दारांत खेळणारें मूल ह्यास आधीं बळी पडतें. कडी धरतांना बारीकशी झिणझिणी आली, तर तिची थट्टा करूं नये. त्या क्षणीं पत्र्यास स्पर्श न करतां दूर व्हावें, खांबावरचा ब्रेकर पाडावा, आणि जाणत्यानें दोष काढीपर्यंत कोणास गाडीजवळ जाऊं देऊं नये. तारेजवळ नुसतें धरतांच लुकलुकणारा जो पेनासारखा टेस्टर मिळतो, तो पत्र्याजवळ धरून लुकलुकला तर तेवढा इशारा पुरेसा आहे. मात्र तो लुकलुकला नाहीं म्हणून निर्धास्त होऊं नये.

आणखी एक बारकावा. न्यूट्रल व अर्थिंग ह्या दोन तारा खांबाच्या मूळ पुरवठ्याशींच एकत्र केलेल्या असतात. गाडीच्या पेटींत त्या निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. घरचा वायरमन संवयीनें गाडींतही त्या जोडून देतो, व मग कामाचा प्रवाह पत्र्यांतूनही वाहूं लागतो.

जनित्राबद्दल दोनच गोष्टी. पहिली ही कीं, पुष्कळ मोटारघरांत जनित्र इंजिनाच्याच टांकींतून पेट्रोल घेतें, पण त्याची नळी मुद्दाम उंच ठेवलेली असते. टांकी पावभर राहिली कीं जनित्र बंद पडतें, म्हणजे गांवापर्यंत जाण्यापुरतें पेट्रोल उरतें. वीज गेली म्हणून तारा उकलण्यापूर्वीं पेट्रोलचा कांटा पाहावा. दुसरी अधिक गंभीर आहे. जनित्राच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. जनित्र चालू ठेवून झोंपणाऱ्या माणसांस तो झोंपेंतच नेतो. त्याची सूचना देणारें लहान यंत्र गाडींत असतें, आणि त्याचेंही आयुष्य ठराविक वर्षांचें असतें. तें संपल्यावर बदलावेंच लागतें.

अलीकडे शिशाच्या जागीं लिथियमची बॅटरी बसविण्याची चाल पडली आहे. ती हलकी असते, व तिची जवळजवळ सर्व धारणा वापरतां येते. परंतु जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरूं शकत नाहीं. आणि गाडी चालत असतां ती इतका प्रवाह ओढते कीं, इंजिनावरील अल्टरनेटर तापून जळण्याचा संभव असतो. नवी बॅटरी घेणाऱ्यानें ह्या दोहोंचा बंदोबस्त आधीं केला पाहिजे.

आतां मुलांकरितां एक उदाहरण. घराची शिशाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे, व निम्म्यापेक्षां अधिक वापरावयाची नाहीं. संध्याकाळीं सहापासून दहापर्यंत दीड-दीड अँपिअरचे दोन दिवे लागतात. रात्रीं आठपासून सकाळीं सहापर्यंत हीटरचा पंखा तासांतून वीस मिनिटें चालतो, व तेव्हां ७ अँपिअर घेतो. शीतपेटीचा फलक व गॅसची सूचना देणारें यंत्र मिळून सतत अर्धा अँपिअर घेतात. सकाळीं सहापर्यंत एकंदर किती अँपिअर-तास खर्च होतील ? (उत्तर : ४१ व एक तृतीयांश, म्हणजे रात्र निभते.) आतां बॅटरी जुनी होऊन तिची धारणा ६० वर आली आहे. ती किती वाजतां निम्मी होईल ? (उत्तर : रात्रीं दोन वाजतां.) त्याच बॅटरीवर दोन दिव्यांऐवजीं प्रत्येकीं ०.२ अँपिअर घेणारे एलईडी दिवे बसविले, तर ती किती वाजतां निम्मी होईल ? (उत्तर : पहांटे सुमारें पांच वाजून चाळीस मिनिटांनीं.)